एकाच कात्रीचे बारा गुलाब

मावशीचा फोन आला तेव्हा तिचा निर्णय झालेला होता. "मातीतच काहीतरी दोष आहे गं. बाराच्या बारा गुलाब काढते आणि दुसरं काही लावते. तू फक्त एकदा येऊन बघून जा, म्हणजे नंतर मनाला टोचणी नको."

तिच्या तक्रारी चार होत्या आणि चारही खऱ्या होत्या. फाटकाच्या कमानीवर चढवलेला गुलाब तीन वर्षं नुसता वाढत होता, फुलायचं नाव नव्हतं. मधल्या वाफ्यातला पिवळा-गुलाबी 'पीस' एकाएकी लहान लहान गर्द लाल फुलं देऊ लागला होता. भिंतीलगतच्या पाच झाडांची पानं काळे ठिपके पडून गळत होती, इतकी की ऐन बहराच्या दिवसांत झाडं खराट्यासारखी दिसत. आणि कोपऱ्यातल्या रुगोसा जातीच्या गुलाबाची पानं, औषध फवारल्यापासून, कडेने करपली होती. या सगळ्यांत समान अशी तिला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे माती. तिने मातीला दोष दिला त्यात नवल नाही.

समान गोष्ट आणखी एक होती आणि ती मला ठाऊक असायला हवी होती. चार हिवाळ्यांपूर्वी मावशीला छाटणी मीच शिकवली होती. झाड गुडघ्याएवढं ठेवायचं, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या अंकुराच्या, जरा वर तिरका काप घ्यायचा, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुंध्यापासून काढायच्या. एका झाडावर मी हे करून दाखवलं. ते झाड 'मिस्टर लिंकन' होतं. मावशी शिस्तीची. तिने तेच बाराही झाडांवर केलं आणि पुढे दर हिवाळ्यात न चुकता केलं. दुर्लक्षामुळे बिघडलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. ही बाग मन लावून केलेल्या एकसारख्या देखभालीने बिघडली होती, आणि तो एकसारखेपणा माझ्याकडून आला होता. हे प्रकरण सविस्तर लिहून काढायचं कारण तेच.

आधी मोजणी

पहिल्या दिवशी मी कात्री पिशवीतून बाहेर काढली नाही. कोणतं झाड काय आहे, हेच आधी लिहून काढलं. सुदैवाने मावशीने रोपांबरोबर आलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या एकेका झाडाशी जुळवायला दुपार गेली.

भिंतीलगत पाच झाडं: 'मिस्टर लिंकन', 'डबल डिलाइट', 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'आइसबर्ग'ची दोन. मधल्या वाफ्यात 'पीस' आणि 'म्युटाबिलिस'. कमानीवर 'अल्बर्टीन'. कोपऱ्यात रुगोसा. कुंड्यांत दोन मिनिएचर. आणि नळाजवळ एक गुलाबी, ज्याची चिठ्ठी सापडली नाही.

नावं कागदावर उतरली तेव्हाच अर्धं निदान झालं होतं असं आज वाटतं. आपण सरसकट 'गुलाब' म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली शंभराहून जास्त जंगली जाती आणि माणसाने त्यांच्या संकरातून काढलेले हजारो वाण येतात. यातले काही लांबच्या भावकीतले असावेत इतके निराळे असतात. मावशीच्या वाफ्यांत 'मिस्टर लिंकन' हा १९६४ चा हायब्रिड टी होता. लांब दांडा, एका दांड्याला एक मोठं फूल, हा त्याचा स्वभाव. 'आइसबर्ग' ही जर्मनीतल्या कोर्डेस घराण्याची १९५८ ची फ्लोरिबंडा, झुबक्यांनी फुलणारी. 'क्वीन एलिझाबेथ' १९५४ ची, या दोन घराण्यांच्या संकरातली, आणि माणसाच्या उंचीला सहज पोचणारी. 'म्युटाबिलिस' हा जुना चिनी गुलाब. रुगोसा पूर्व आशियाच्या वाळूच्या किनाऱ्यांवर रानोमाळ वाढणारी जात. आणि 'अल्बर्टीन' हा फ्रान्समधल्या बार्बिये यांचा १९२१ चा रॅम्बलर, म्हणजे दूरवर पसरत जाणारा, वर्षातून एकदाच फुलणारा वेली गुलाब.

या सगळ्यांना आम्ही गुडघ्याएवढं कापत होतो.

फुलं कधी थांबली?

कमानीवरच्या 'अल्बर्टीन'पाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मावशीचा जीव त्यात अडकलेला होता. झाड निरोगी होतं. दांडे अंगठ्याएवढे जाड, पानं चकचकीत. फूल येत नाही म्हणून तिने दोन वर्षं खत वाढवलं होतं, त्याने वाढीला आणखी जोर आला होता. माझा पहिला संशय नत्रावर होता. नत्र जास्त झालं की पानं आणि शेंडे माजतात आणि फूल मागे पडतं, हे खरं आहे. पण निव्वळ खताने तीन वर्षं एकही कळी दिसू नये, हे पटेना. ऊनही पुरेसं होतं, दिवसाचे सहा तास तर नक्कीच.

मग मी मावशीला विचारलं, "याला शेवटचं फूल कधी आलं होतं, आठवतं?"

तिने फोनमधले जुने फोटो काढले. फोटोवर तारखा होत्या. मी छाटणी शिकवली त्याच्या आधीच्या वसंतात कमान अर्धी भरलेली होती. तांबूस-गुलाबी, सैलसर फुलांचे घोस, आणि त्याखाली उभी राहून हसणारी मावशी. त्यानंतरच्या वसंतात खाली चार-पाच फुलं. त्यानंतर काही नाही. त्या फोटोंच्या तारखा बघताना मला जे समजलं ते मी तिला तिथेच सांगितलं. तिची फुलं दर हिवाळ्यात आम्ही दोघी मिळून कापून टाकत होतो.

याचं कारण नीट मांडायला हवं, कारण 'वेली गुलाब फुलत नाही' ही तक्रार मी अनेकांकडून ऐकते आणि त्यावर खताचाच सल्ला मिळताना बघते. गुलाबाच्या झाडात फूल म्हणजे त्या फांदीचा शेवट. शेंड्याला कळी धरली की ती फांदी तिथे थांबते. 'मिस्टर लिंकन'सारख्या झाडात हंगामभर निघणारी प्रत्येक कोवळी फांदी अखेर कळीत संपते. म्हणून ते झाड कितीही खाली कापा, नवी फूट आली की तिच्यावर फूल येतंच. एकदाच फुलणाऱ्या गुलाबांत तसं नसतं. तिथे केएसएन नावाचं एक जनुक फुलण्याला आवर घालतं. वसंताच्या सुरुवातीला तो आवर सैल असतो, तेव्हा गेल्या वर्षीच्या दांड्यांवरच्या डोळ्यांतून आखूड फांद्या फुटतात आणि फुलतात. पुढे आवर घट्ट होतो आणि त्यानंतरची फूट नुसती लांबत जाते. रॅम्बलर इतका अफाट वाढतो तो त्यामुळेच, त्याच्या शेंड्याला थांबायला कोणी सांगत नाही. चिनी गुलाबांत याच जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसून बसला आहे आणि त्याने तो आवर निकामी केला आहे, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब युरोपात पोचले आणि संकरांतून त्यांचं हे वारंवार फुलणं पुढच्या पिढ्यांत उतरलं. फ्रान्समधल्या गियो यांचा १८६७ चा 'ला फ्रान्स' पहिला हायब्रिड टी मानतात. आजच्या बागेतले बहुतेक गुलाब या बाजूचे आहेत, आणि छाटणीचे जे नियम आपण एकमेकांना सांगतो तेही याच झाडांवरून बसवलेले आहेत.

मी 'मिस्टर लिंकन'वर जे दाखवलं ते 'मिस्टर लिंकन'साठी बरोबर होतं. 'अल्बर्टीन'चे गेल्या वर्षीचे दांडे, म्हणजे ज्यांच्यावर येत्या वसंतात फुलं येणार तेच दांडे, हिवाळ्यात कापले जात होते. झाड बिचारं दर वर्षी नव्याने तीन-तीन मीटर वाढायचं, पुढच्या वर्षीची तयारी करायचं, आणि आम्ही पुन्हा कात्री घेऊन जायचो.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" मावशीने विचारलं.

"तुझं नाही. सांगणारीचं चुकलं," मी म्हटलं. तिने माझा हात दाबला आणि विषय तिथेच सोडला.

'पीस' लाल कसा झाला

'पीस' हा मावशीचा लाडका. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांनी काढलेला हा वाण, आणि त्याला अमेरिकेत 'पीस' हे नाव दिलं गेलं ते २९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातलं महायुद्ध संपायच्या उंबरठ्यावर. फिकट पिवळ्या पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा, फूल तळहाताएवढं. ते झाड आता बोटभर रुंदीची काळपट लाल फुलं देत होतं, मधोमध पिवळे केसर उघडे दिसणारी. मावशीला वाटत होतं की शेजारच्या झाडाचे परागकण लागून रंग बदलला. असं होत नाही. परागकणांचा परिणाम बियांत आणि बियांपासून उगवणाऱ्या रोपांत दिसतो, त्याच झाडाच्या फुलाचा रंग त्याने बदलत नाही.

मी गुडघ्यांवर बसून बुंध्याभोवतीची माती हाताने उकरली. डोळा भरलेली जागा, म्हणजे 'पीस'चं कलम जिथे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बसवलं होतं ती गाठ, मातीत बोटभर खाली होती. सगळे जोमदार दांडे त्या गाठीच्या खालून आलेले होते. गाठीच्या वर 'पीस'ची एकच काडी उरली होती, पेन्सिलीपेक्षा बारीक, तिला दोन पानं. म्हणजे रंग बदलला नव्हता, झाडच बदललं होतं. खालच्या खुंटाने फुटवे काढून वरचं कलम उपाशी मारत आणलं होतं.

खुंटाचे फुटवे ओळखायची एक खूण सगळीकडे सांगतात: पानाला पाच पर्णिका, म्हणजे छोटी उपपानं, असतील तर कलम, सात असतील तर खुंट. या खुणेवर विसंबू नका. पुष्कळ वाणांना सात पर्णिकांची पानं येतात, आणि खुंटालाही पाचाची येतात. फुटवा कुठून निघालाय हे माती बाजूला करून डोळ्यांनी बघणं, हाच खात्रीचा मार्ग. फुलाच्या रूपावरून हा खुंट 'डॉ. ह्यूई' असावा. १९१४ मध्ये अमेरिकेत तयार झालेला हा स्वतः एक वेली गुलाब आहे, पण खुंट म्हणूनच तो जास्त ठिकाणी पोचला. कलम मेलं की हा वर येतो, आणि लोकांना आपला गुलाब लाल झाला असं वाटतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि तिने 'अल्बर्टीन'च्या निदानावर शिक्कामोर्तब केलं. 'डॉ. ह्यूई'ही वर्षातून एकदाच, जुन्या दांड्यांवर फुलतो. मग हिवाळ्यात सगळंच कापत असताना हा फुलला कसा? मावशी म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात याला हात लावलाच नाही. इतका जोर धरलाय, म्हटलं राहू दे." म्हणजे बागेतले दोन एकदाच फुलणारे गुलाब, त्यातला जो कापला तो फुलला नाही आणि जो तसाच सोडला तो फुलला. प्रयोग करून बघायचा म्हटलं असतं तरी इतका स्वच्छ जमला नसता.

'पीस'ची ती काडी वाचवायचा आम्ही प्रयत्न केला. दोन फुटवे उगमापाशी ओढून तोडले. कात्रीने वरून कापले तर बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे चार होतात. बाकीचे तसेच ठेवले, मुळं एकदम उपाशी पडू नयेत म्हणून. काडीने आणखी दोन पानं काढली आणि उन्हाळ्याच्या मध्यावर ती वाळली. मी पुन्हा अशा काडीमागे अख्खा हंगाम घालवणार नाही. कलम एवढं खालावलेलं असेल तर नवं रोप आणावं.

भिंतीलगतचा वाफा

काळ्या ठिपक्यांची बुरशी, डिप्लोकार्पॉन रोझी, पानावर पडली म्हणून लागत नाही. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सुमारे सात तास ओलं लागतं. मावशी पाणी घालायची संध्याकाळी, पाइपने, वरून, झाड धुऊन निघेल असं. दिवसभर तापलेल्या झाडांना तेवढाच गारवा, असं तिला वाटायचं. भिंतीमुळे वारा नाही, झाडं एकमेकांना चिकटून, आणि पान रात्रभर ओलं. शिवाय पाण्याचे थेंब खालच्या रोगट पानांवरून उडून वरच्या पानांवर बीजाणू नेत होते. औषध ती नेमाने मारत होती, पण रोज संध्याकाळी नवी लागण होईल अशी सोयही त्याच बागेत होती.

यात मोठं काही करावं लागलं नाही. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, आळ्यात. गळलेली पानं रोजच्या रोज उचलून बागेबाहेर. दांड्यांवर जिथे जांभळट डाग होते तिथून खाली छाटणी, कारण बुरशी तिथेही दबा धरून राहते. आणि मातीवर चार बोटं जाड सुक्या पानांचं आच्छादन, म्हणजे खालून शिंतोडे उडणार नाहीत. 'क्वीन एलिझाबेथ' पुढच्या ओळीत होती आणि तिच्या मागे 'डबल डिलाइट' सावलीत कुढत होता. हिवाळ्यात तिला मागे हलवलं.

तरीही 'आइसबर्ग'ची पानं पावसाच्या दिवसांत आजही गळतात. रोग कमी झाला, गेला नाही. 'मिस्टर लिंकन' आणि 'आइसबर्ग' शेजारी शेजारी, पाणी तेच, ऊन तेच, तरी एकाला दहा ठिपके आणि दुसऱ्याला शंभर. हा वाणाचा गुण आहे आणि तो आपल्याला बदलता येत नाही. बदल्यात 'आइसबर्ग' सगळ्यांत जास्त दिवस फुलते, हे मावशीने मान्य केलं.

रुगोसाचं एका वाक्यात सांगता येईल: तिला फवारणी सोसत नाही आणि ती लागतही नाही. फवारणी बंद केली, तिची मुळातच सुरकुत्या असलेली नवी पानं हिरवीगार आली. मावशी तिचीही सुकलेली फुलं नेमाने खुडायची. ती हंगामाच्या शेवटी खुडू नकोस म्हटलं, तेव्हा छोट्या टोमॅटोसारखी लालभडक फळं धरली. ती बघायला पक्षी येतात, आणि मावशी पक्षी बघायला खिडकीत बसते.

पुढची दोन वर्षं

'अल्बर्टीन'ला त्या वर्षी आम्ही फक्त बांधलं. उन्हाळ्यात निघालेले लांब दांडे कोवळे असतानाच कमानीवर आणि शेजारच्या कुंपणावर आडवे वळवले. दांडा उभा असला की शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक त्यात मुख्य. दांडा आडवा झाला की तो धाक ढिला पडतो आणि दांड्यावरचे बरेच डोळे एका वेळी फुटतात. प्रत्येक फुटीला फूल. हिवाळ्यात मावशी कात्री घेऊन कमानीपाशी गेली, उभी राहिली आणि परत आली. तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

पुढच्या वसंतात कमान फुलली. मी मोजायला लागले होते, दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. साधारण तीन आठवडे तो बहर टिकला, आणि त्या तीन आठवड्यांत फाटक उघडणारं प्रत्येक माणूस तिथे थबकलं. मावशीने खुर्ची टाकून चहा तिथेच घ्यायला सुरुवात केली. फुलं संपल्यावर, आणि तेव्हाच, आम्ही छाटलं: फुलून गेलेले जुने दांडे खालच्या एखाद्या जोमदार नव्या फुटीपर्यंत कापले आणि ती नवी फूट त्यांच्या जागी बांधली.

अडचण आलीच. बहरानंतर 'अल्बर्टीन'वर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणारी बुरशी, पडली. मावशी घाबरली, "पानं तर आता कोरडी ठेवतोय आपण!" भुरीला ओलं पान लागत नाही. तिला कोरडे दिवस आणि दमट रात्री मानवतात. काळ्या ठिपक्यांवरचा उपाय भुरीवर चालत नाही, हे मीही तिला आधी सांगितलं नव्हतं. दांड्यांची गर्दी विरळ केली, कोरड्या दिवसांत मुळाशी ओल टिकवली, आणि पुढच्या वर्षी भुरी बरीच उशिरा आणि थोडी आली.

'म्युटाबिलिस'ला छाटायचंच थांबवलं, वाळलेलं तेवढं काढायचं. दोन वर्षांत तो छातीएवढा झाला. गुडघ्याएवढा असताना त्याला एका वेळी पाच-सहा फुलं यायची, आता झुडूपभर येतात.

आणि तो लाल 'डॉ. ह्यूई'. मी तो उपटून टाकणार होते. मावशीने विचारलं, "काढायलाच हवा का? त्याने काय वाईट केलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याची मुळं त्याची स्वतःची, झाड भक्कम. हिवाळ्यात तो मातीसकट उचलून मागच्या कुंपणाशी लावला, आणि तिथे तो वर्षातून एकदा सगळं कुंपण लाल करतो. त्याच्या खड्ड्यात नवा 'पीस' लावताना मात्र सुमारे अर्धा मीटर रुंद आणि तेवढीच खोल माती काढून भाजीच्या वाफ्यातली माती भरली. गुलाबाच्या जागी पुन्हा गुलाब लावला तर नवं रोप कुढतं, हा बागाईतदारांचा जुना अनुभव आहे. मावशीचा मातीवरचा संशय या एका खड्ड्यापुरता बरोबर होता.

एकेक फूल, एकेक बाटली

बाग सावरल्यावर मावशीने एक नवी सवय लावून घेतली, माझ्या सांगण्यावरून नाही. पहाटे, ऊन चढायच्या आत, प्रत्येक फुललेल्या झाडाचं एकच फूल कापायचं आणि औषधाच्या रिकाम्या छोट्या बाटल्यांत खिडकीत ओळीने ठेवायचं. आधी ती एकाच भांड्यात सगळी फुलं कोंबायची, तेव्हा तो नुसता गुलाबांचा गुच्छ असायचा. बाटल्यांत वेगळी ठेवल्यावर ती त्यांच्याबद्दल बोलायला लागली.

'म्युटाबिलिस'चं फूल तिने सलग तीन दिवस बघितलं. उमलताना मधासारखं पिवळं, मग गुलाबी, मग किरमिजी. बहुतेक गुलाब वयाबरोबर फिके होतात, हा गडद होत जातो. एका झाडावर तीन रंग का दिसतात हा तिचा जुना प्रश्न असा सुटला. 'डबल डिलाइट'च्या सायीच्या रंगाच्या पाकळ्यांवरची लाली उन्हाने चढते, हेही तिला असंच कळलं. सावलीतून मोकळ्या झालेल्या झाडाची फुलं आणि आधीच्या फोटोंतली फुलं शेजारी ठेवली तर वाण वेगळे वाटतील.

वासावरून आमचा थोडा वाद झाला. 'आइसबर्ग'ला वास जेमतेम, म्हणून ती तिला जास्त खत घालू बघत होती. वास खताने येत नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी सुवासिक 'पापा मेयाँ' आणि जवळपास बिनवासाचा 'रूज मेयाँ' या दोन गुलाबांची तुलना केली आणि गुलाबाचा ओळखीचा गंध घडवण्यात न्युडिक्स-वन नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) हात असल्याचं दाखवलं. झाडात ती व्यवस्था कामाला लागलेली असेल तर गंध, नसेल तर नाही. खताच्या पोत्यात ती मिळत नाही. मावशीने हे ऐकून घेतलं, मग 'मिस्टर लिंकन'ची बाटली 'आइसबर्ग'च्या शेजारी सरकवली आणि म्हणाली, "मग वास याचा घ्यावा आणि बघावं तिच्याकडे."

तिच्या वहीत आता बारा पानं आहेत, प्रत्येक झाडाला एक. छाटायचं कधी, किती, फवारायचं की नाही, वास कसा, फूल बाटलीत किती दिवस टिकतं. 'अल्बर्टीन'च्या पानावर वरच मोठ्या अक्षरांत लिहिलंय: बहर संपल्याशिवाय कात्री नाही. 'डॉ. ह्यूई'ला तिने तेरावं पान दिलं.

नळाजवळच्या त्या गुलाबीचं पान जवळजवळ कोरं आहे. नाव अजून कळलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिला मुद्दामच हात लावला नाही: निम्म्या फांद्यांना मावशीने दोरा बांधला, तेवढ्याच या हिवाळ्यात छाटायच्या आणि दोन्हींवर वसंतात काय येतं ते लिहायचं. दोरा लाल आहे, म्हणजे दुरूनही दिसतो.